तिकडच्या गावाचं प्रकरण

असल्या गोष्टी मानणाऱ्यांतली मी नाही, हे आधीच सांगते. आईच्या गोळ्यांपासून गॅसच्या नंबरापर्यंत सगळं यादी करून चालवणारी बाई आहे मी. म्हणूनच हे अजून पचत नाही...

आम्ही हैदराबादला, हिमायतनगरात राहतो. आंध्र-तेलंगण वेगळे होत होते, तेव्हाची गोष्ट. माझ्या सरकारी ऑफिसात एकच चर्चा – इथं कोण राहणार, तिकडं कोणाला धाडणार. ते ऐकून आई म्हणाली, "छप्पन साली हैदराबाद राज्य मोडलं, मराठवाडा तिकडं गेला, तेव्हा तुझ्या बाबांनाही ऑफिसात विचारलं होतं. औरंगाबादला जाता, का इथंच राहता? मीच म्हटलं, राहू."

पुढच्याच वर्षी माझा मोठा भाऊ विलास तापानं गेला. तीन वर्षांचा. मी तेव्हा जन्मलेही नव्हते. "तिकडं गेलो असतो तर..." हे वाक्य आईनं जन्मभर अर्धंच ठेवलं.

तिला दिसत नसे, म्हणून दुपारी मी वाचून दाखवायचे. मैत्रिणीनं दिलेली कादंबरी होती – एकाच कारकुनाची दोन आयुष्यं. एका प्रकरणात तो शहरातच राहतो, पुढच्यात बदली घेऊन दुसऱ्या गावी जातो. माझा नवरा सुधीर इस्त्री करता करता ऐकायचा. तो तेलुगूत शिकलेला, मराठी वाचायला त्याला जड जातं.

"आई, हा माणूस दोन-दोन संसार करतोय. मला एकच झेपेना!"

"चूप बसा जी, ऐकू द्या."

शहरातल्या आयुष्यात कारकुनाचा मुलगा तापानं जातो. मी थांबले.

"तिकडचं वाच," आई म्हणाली.

वाचलं. तिकडच्या गावीही मुलगा तापानंच जातो... सुधीरची इस्त्री थांबली. आईनं माझं मनगट घट्ट धरलं.

"म्हणजे तिकडंही नसता राहिला गं माझा विलास. माझं चुकलं नव्हतं." खूप रडली. मग म्हणाली, "बस, आता पुढचं नक्को." संध्याकाळी खिचडी मागून खाल्ली.

आठवडाभरात ती गेली. शांतपणे.

पुस्तक परत करण्याआधी ते प्रकरण उघडलं. तिकडच्या गावी मुलाचा ताप उतरतो! तो शाळेत जातो, मोठा होतो. पानं सलग, एकही कमी नाही. मैत्रिणीला फोन केला. "अगं, तो जगतो म्हणून तर पुढची कादंबरी आहे!"

सुधीरला काही न सांगता विचारलं – तू काय ऐकलंस?

"पोरगा तिकडंपण गेला ना? तू रडत होतीस की."

आईसाठी मी बदलून वाचलं, असं बहिणीला वाटतं. तेवढं सुचलं असतं तर बरंच होतं. मी समोर छापलेलंच वाचत होते.

मैत्रिणीला नवी प्रत घेऊन दिली, ही ठेवून घेतली. आईचा फोटो आहे त्या खोलीत मी ती मोठ्यानं वाचत नाही. छापलेलं खरं असेल, तर तिला ते कळायला नको.