कुंकू लावलेले दोन चेक

बँकेत उभी असताना माझ्या तोंडी देवाचं नाव नव्हतं, शिव्याच येत होत्या, हे आधीच कबूल करते. हे इथे उधन्यात ज्या मिलमध्ये कामाला होते ती बंद पडली आणि हिशेबाचे दोन चेक हातात आले. ते बँकेच्या पेटीत टाकून अकरा दिवस झाले, तरी खात्यात दमडी नाही. मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशाची फी शुक्रवारी भरायची होती, नाहीतर जागा जाणार होती.

खिडकीतला साहेब मान वर न करता रोज एकच सांगायचा, "बेन, अमारे त्यां चेक आव्याज नथी." आलेच नाहीत, तर काय मी खाल्ले? पेटी तुमची, कुलूप तुमचं आणि खोटारडी मी! तो संताप मी घरी आणून देव्हाऱ्यापुढे ओतला. आमची देवी कानबाई, नारळाच्या रूपात पुजलेली; तिला म्हटलं, तुझ्यापुढे ठेवून, कुंकू लावून दिले होते ना चेक? कुठे होतं तुझं लक्ष? त्या दिवशी दिवाही लावला नाही. हे हळूच म्हणाले, "कानबाईवर कसाले राग काढस?"

गुरुवारी मी बँकेत एवढी ओरडले की पेन्शनची रांग वळून बघायला लागली. "देवीचं कुंकू लावून टाकलेत चेक, जातील कुठे?" तेवढ्यात रांगेतली एक अनोळखी म्हातारी काठी टेकत पुढे आली. "कंकु क्यां लगाडेलुं? नीचे, आंकडा पर?" मी होकाराची मान हलवली, खालच्या छापील आकड्यांवरच बोट टेकवलं होतं. ती साहेबाला म्हणाली, "भाई, मशीने पाछा काढेला चेक जो ने." तिच्या मुलाचा चेकही आकड्यांवरच्या डागामुळे वाचता न आल्याने मशीनने असाच परत काढला होता म्हणे.

साहेबाने कुरकुरत खण उघडला. रबर लावलेल्या गठ्ठ्यात माझे दोन्ही चेक होते, ओल्या कुंकवाने एकमेकांना चिकटलेले. अकरा दिवस त्याच्या हाताशी होते, आणि त्याने खण उघडायची तसदी घेतली नव्हती. माफीचा शब्दही नाही. तो राग अजून आहे, लपवत नाही. मी म्हातारीच्या पाया पडायला वाकले तर ती मला थांबवत म्हणाली, "रेवा दे, मारो नंबर जशे," आणि नंबर जाऊ नये म्हणून रांगेत परत गेली.

शुक्रवारी दुपारी पैसे जमा झाले, फी भरली. संध्याकाळी दिवा लावला. ज्या घोटाळ्यासाठी मी कानबाईला बोल लावला, त्याची सुरुवात माझ्याच बोटाने झाली होती. तरी तिने माणूस पाठवलं. आता कागद तिच्यापुढे नुसता ठेवते आणि कुंकू माझ्या कपाळाला लावते.