हरल्याच्या दुसऱ्या दिवशी

कॉलेजच्या ग्रंथालयातल्या एका पुस्तकात फोटो पाहिला. कॅरिबियन समुद्रातलं छोटंसं बेट. तिथे कोळी शंख फुंकतात, मग लोक मासळी घ्यायला किनाऱ्यावर येतात. रांगेत हातात घमेलं घेऊन एक म्हातारा उभा आहे. आधी शाळामास्तर, मग आमदार, शेवटी पंतप्रधान झालेला. आदल्याच दिवशी तो निवडणूक हरला होता. शेजारची बाई त्याच्याकडे बघून हसते आहे.

माझी आई गेल्या महिन्यात ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत पडली. गिरणीत बायका हसतील म्हणून तेव्हापासून दळण मीच नेते. घरी आल्यावर तिला मोबाइलवर काढून आणलेला तो फोटो दाखवला, म्हाताऱ्याची हकीकत सांगितली.

"हसतेय बघ मेली," आई म्हणाली. "आणि हा गेलाच कशाला? घरात दुसरं कुणी नव्हतं?"

"असेल की. पण गेला."

त्याच्या कारकिर्दीवर पुस्तकात पानंच्या पानं आहेत. मला मात्र त्याचं हे रांगेत उभं राहणंच मोठं वाटलं. कदाचित माझं चुकतही असेल. आईला हे मला नीट सांगता आलं नाही.

ती बराच वेळ फोटो बघत राहिली. मी दळणाचा डबा उचलला.

"ठेव तो. मी जाते," ती म्हणाली. "कुणी हसलीच तर विचारते, मत कुणाला दिलं होतंस ते आधी सांग."