मौद्याचं ऑफिस टाइम

मनकर्णा मावशीच्या अंगणातल्या झाडांना एसटीच्या थांब्यांची नावं आहेत. दारापाशी खाप्याचा मोगरा, त्याला लागून सावनेरची कर्दळ, खिडकीत पाटणसावंगीचा मनीप्लांट. मावशी एसटीत कंडक्टर आहे. गाडी थांबली की ड्रायव्हर चहाला उतरतो, मावशी फांदीला. कोणाच्या तरी कुंपणावरची काडी मोडायची, ओल्या रुमालात गुंडाळायची आणि बॅगेत सुट्ट्या नाण्यांवर निजवायची. नर्सरीतून आणलेल्या झाडाला ती झाड मानतच नाही. "विकत आणलेलं मरते, मागून आणलेलं जगते, चोरून आणलेलं फुलते," हे तिचं बागकामाचं अख्खं शास्त्र.

मी खाप्याचा. कॉलेजची वर्षं मी तिच्याच गाडीनं ये-जा केली. नोकरी लागल्यावर नागपुरात खोली शोधत होतो, तेव्हा तिनं चालत्या गाडीत, माझ्याकडे न पाहता विचारलं, "नारी रोडले माह्या घरी वरची खोली खाली आहे. झाडाले पाणी टाकता येते काय गा?"

"येते न मावशी."

"टाकू नको. ते माहं काम आहे."

तेव्हापासून मी वरच्या खोलीत राहतो आणि खालच्या घरावर कोणता ऋतू आला ते पाहतो. दिवाळी झाली की शेवंती दारात येते. थंडीत झेंडू पायऱ्या अडवतो. मार्च लागला की उन्हाला भ्यालेली झाडं एकेक करून घरात सरकतात, मग माणसांनी बसायचं कुठं हा प्रश्न येतो. फ्रिजवर फर्न, शिलाई मशीनवर कोलियस, तिकिटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात पुदिना. टीव्हीवर मनीप्लांट असा उतरलेला असतो की बातम्या देणाऱ्या बाईच्या कपाळावर कायम एक पान. पाहुणे आधी हसतात आणि जाताना विचारतात, "हे कुठून आणलं?" मावशी थांबा सांगते. घर कोणाचं ते सांगत नाही.

यंदा मावशीच्या मुलीचं, उन्नतीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं. मुलगा मौद्याचा, नागसेन. तिथं त्याचं औषधांचं दुकान आहे. तारीख निघाली मे महिन्याच्या शेवटी, घरीच, संध्याकाळी सहाला. उन्नतीनं मोबाइल आईसमोर धरला.

"आई, पाह्य न. मागून अशी ग्रीन वॉल लावायची. आमची नावं मधात."

मावशीनं चष्मा वर करून पाहिलं. "पलास्टिकचं आहे."

"सगळे तेच करून राहिले."

"माह्या घरी नाही."

"मे महिना आहे आई. मेमध्ये नागपुरात हिरवं काय राहते?"

"ग्रीन नेट," मी म्हणालो.

"तुले कोणी विचारलं काय गा?" मावशी माझ्याकडे वळली, मग पुन्हा लेकीकडे. आवाज जरा उतरला. "मी दिवसभर गाडीवर राहो. तू शाळेतून येऊन पायरीवर बसून राहो माही वाट पाहत. घरी आल्यावर रुमाल कोण सोडे?"

उन्नतीनं मोबाइल खाली घेतला.

"तूच सोडे. आज काय आणलं, म्हणून. ड्युटीवरून मी तुह्यासाठी दुसरं आणलं तरी काय? हेच आणलं. तुह्या साक्षगंधात तुह्या मागं हेच राहीन."

शेवटी करार झाला. आधीच्या आठवड्यात उन्नती अंगण पाहील. तिला शोभा वाटली नाही तर डेकोरेशनवाला येईल आणि मावशी एक शब्द बोलणार नाही. या शेवटच्या कलमावर घरात कोणाचाच विश्वास नव्हता, पण करार झाला.

एप्रिल संपता संपता पानांची टोकं जळायला लागली. आधी मनीप्लांट, मग कर्दळ, मग फर्न. सिगारेटच्या चटक्यासारख्या तपकिरी कडा. मावशीनं उन्हाला दोष दिला आणि ग्रीन नेटची दुसरी घडी बांधली. तरी जळतच राहिलं. मग शेजारच्या पिंकीच्या नजरेला दोष दिला. पिंकीनं सांगितलं की तिची नजर दिवसभर मोबाइलवर असते, झाडांकडे पाहायला तिला वेळ नाही. ते कोणालाही पटण्यासारखं होतं.

मग एक दिवस मावशीची गाडी रस्त्यात बंद पडली आणि ती उजेड असतानाच घरी आली. अंगणात प्रेमानंद काका, म्हणजे तिचे यजमान, बादली घेऊन उभे. काका वीज खात्यातून निवृत्त झालेत आणि उन्हाळ्यात ते फक्त कूलरचे असतात. मोटर, वाळ्याच्या ताट्या, टाकी, सगळी सेवा त्यांचीच. मोठा अबोल माणूस. कूलरशीच काय ते बोलत असावा.

"काय करून राहिले जी?"

"झाडाले पाणी टाकून राहिलो," काका अभिमानानं म्हणाले. "कूलरच्या टाकीतलं. नाहीतर फेकाच लागते. म्हटलं, तुले साक्षगंधाची धावपळ..."

"कधीपासून?"

"कूलर लावला तवापासून."

मावशीनं कुंडीतली चिमूटभर माती उचलली. वर पांढरी खपली होती. ती तशीच कूलरपाशी गेली आणि ताटीवर नख ओढलं. तिथंही तीच खपली. आमचं बोअरचं पाणी असं आहे की भांड्यात उकळलं तर बुडाशी चुना बसतो. कूलर दिवसभर त्यातलं पाणी उडवतो आणि खार टाकीत ठेवतो. तोच खार काका रोज संध्याकाळी मायेनं झाडांना पाजत होते.

"लोणचं घालून राहिले तुमी माह्या झाडाचं," मावशी म्हणाली.

काकांनी बादली खाली ठेवली. दुसऱ्या दिवसापासून नळाला पाणी आलं की ते आधी झाडांसाठी भरू लागले. मावशीनं कुंड्यांमधून ते गोडं पाणी आरपार वाहू दिलं, माती धुऊन काढली. मोगरा तेवढा सावरला. बाकीच्यांनी फक्त मरायचं थांबवलं. साक्षगंधात लेकीच्या मागं उभं करावं असं त्यांचं तोंड उरलं नव्हतं.

पण कूलरच्या अगदी पायाशी एक फुटका टब होता. खारं पाणी सगळ्यात जास्त त्यालाच मिळालेलं, आणि त्यात ऑफिस टाइम भरभरून फुललं होतं. जाड, गुबगुबीत पानांचं, जमिनीवर पसरणारं झाड. फुलं केशरी, पाकळ्यांवर पाकळ्या. सकाळी ऑफिसं उघडायच्या वेळेला फुलतं आणि दुपार कलली की मिटतं, म्हणून हे नाव. हा टब मौद्याचा. मुलाचं घर पाहायला सगळे गेले होते तेव्हा माणसं नागसेनच्या दुकानाची चौकशी करत बसली होती आणि मावशी "हात धुऊन येतो" म्हणून मागच्या अंगणात गेली होती. परत आली तेव्हा रुमाल ओला होता.

"हेच लावू," मावशी म्हणाली. "याले ना ऊन खाते, ना तुमी."

तिनं त्या टबाच्या काड्या मोडल्या आणि घरात जे भांडं दिसेल त्यात खोचल्या. तेलाच्या पिप्या, आइस्क्रीमचे डबे, काकांचं जुनं हेल्मेट. माझा दाढीचा मगही गेला. मी मागायला गेलो तर त्यात माती होती. ड्युटीवर निघायच्या आधी पाणी, आल्यावर पाणी. मे महिना आमच्या डोक्यावर बसला होता, पण ऑफिस टाइमला तो मानवला. पंधरवड्यात अंगणाच्या जाळीवर खालपासून वरपर्यंत डबे टांगले गेले आणि ते सगळे कळ्यांनी भरले.

ठरल्याप्रमाणे उन्नती अंगण पाहायला बाहेर आली. संध्याकाळी सहाला, साक्षगंधाच्या वेळेवर. सगळी फुलं मिटलेली. मावशीला हे अपेक्षित होतं. तिनं कुठून तरी मोठा हॅलोजन आणून ठेवला होता. काकांनी बटण दाबलं. अंगणात लख्ख उजेड पडला, किडे जमले, पण फुलांना तो सूर्य काही पटला नाही.

"ऑफिस सुटलं," मी म्हणालो.

उन्नतीनं मोबाइल काढला. "आई, डेकोरेशनवाल्याले फोन लावतो आता."

"थांब वं," मावशी म्हणाली. "मले दे तो फोन." तिनं नंबर लावला तो मौद्याला, नागसेनच्या वडिलांना. चंपतराव त्यांचं नाव. स्पीकर सुरू राहिला, त्यामुळे आम्ही सगळे ऐकत होतो.

"चंपतराव, साक्षगंध सकाळी करू. नवाले."

"काहून जी? कोणी मुहूर्त काढला काय? आपण बौद्ध लोकं, मुहूर्त कुठं पाहतो?"

"म्हणूनच सोपं आहे. मुहूर्त असता तर तुमी हलले नसते."

"मंग झालं काय?"

"फुलं संध्याकाळी मिटते."

पलीकडे टीव्हीचा आवाज कमी झाला. "बाई, माणसं पंख्याखालून उठत नाही या दिवसात. नवाले कोण येईन?"

"सहाले निघा, ठंडं ठंडं पोचता. बाराच्या आत जेवण. संध्याकाळी यायचं तर दुपारी तापल्या रस्त्यानं निघा लागते. त्या टायमात गाडीतल्या लोकायचं काय होते, मी रोज पाहतो."

मागून एक बाईचा आवाज आला. "हो म्हणा न. बरोबर बोलून राहिल्या त्या." तो नागसेनच्या आईचा, सरिताबाईंचा. चंपतराव हो म्हणाले.

उन्नतीनं मोबाइल परत घेतला आणि थोडा वेळ हातातच धरून ठेवला. "आणि नाही उघडली तर?"

"उघडीन. ऊन तर कुठं चाललं नाही आपलं."

साक्षगंधाच्या सकाळी पाहुणे आले तेव्हा जाळीवरची अर्धी फुलं उघडली होती. घरात तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींना मोगऱ्याचे हार, बाजूला जुन्या कुंड्यांतलं जे वाचलं ते. सगळे त्रिशरण पंचशील म्हणायला उभे राहिले तेव्हा ऊन जाळीवर चढलं होतं. उन्नती आणि नागसेनला मावशीनं दाराच्या आत सावलीत, अंगणाकडे पाठ करून बसवलं. अंगठ्या घातल्या तेव्हा त्यांच्या मागं दाराची चौकट आणि चौकटीत पूर्ण केशरी भिंत. फोटोवाल्यानं विचारलं, "हे भाड्यानं आणलं काय?" उन्नती माझ्या आधी म्हणाली, "आईनं लावलं."

सरिताबाई मात्र जाळीपाशी जाऊन एक फूल जवळून पाहत होत्या. "हा रंग तर आमच्या मागच्या अंगणात आहे. आमच्या अख्ख्या गल्लीत दुसऱ्या कोणाकडे नाही."

काका कूलरकडे पाहायला लागले.

"तुमच्याच इथचं आहे," मावशी म्हणाली. "न विचारता आणलं."

सरिताबाईंनी मावशीकडे पाहिलं, मग भिंतीकडे, मग हेल्मेटकडे. "मंग मले हा मोगरा द्या. एक काडी."

"देणार नाही."

चंपतरावांचा जिलेबीचा घास हातातच राहिला.

"दिलेलं नुसतं जगते," मावशी म्हणाली. तिनं कमरेचा रुमाल काढला, पाण्याच्या ग्लासात बुडवून पिळला आणि सरिताबाईंच्या हातात ठेवला. मग ती फ्रिजकडे तोंड करून, अंगणाकडे पाठ करून उभी राहिली आणि मोठ्यानं विचारू लागली की जेवायचं कोण राहिलं, कोण राहिलं, कोण राहिलं.