राखेच्या तळ्यावरची पाटी

आमच्या नऊ मेंढ्या राखेत बुडाल्या त्याला बरीच वर्षं झाली. आता मी हर्सूलला लेकीकडं असते. दुपारी घरात कुणी नसलं की ही वही काढते. राग अजून तसाच आहे.

आम्ही करमाडकडचे मेंढरंवाले. दिवाळी झाली की कळप घेऊन लांबच्या रानात उतरायचो. त्या वर्षी मुक्काम कोळशावर वीज करणाऱ्या मोठ्या कारखान्याजवळ पडला. जळलेल्या कोळशाची राख पाण्यात कालवून कारखानेवाले ती पाइपानं एका खोलगट रानात सोडायचे. लांबून आटलेलं तळंच वाटायचं. मधे करडं, सपाट, कडेला चमकणारं पाणी. कुंपण नाही, पाटी नाही. तहानलेली मेंढरं धावली आणि वरची खपली फुटली. माझे मालक त्यांच्या मागं गेले ते कमरेपर्यंत रुतले. मेंढरं कोंडायची जाळी मी त्यांच्याकडं फेकली. बरोबर असलेली माझी जाऊ आणि मी मिळून त्यांना ओढून काढलं. नऊ मेंढ्या आमच्यासमोर गेल्या. ओरडताना त्यांच्या तोंडात राख जात होती.

कारखान्याच्या माणसांनी उरलेला कळप फाटकाच्या आत अडकवला. एका साहेबानं कागद लिहून आणला आणि मालकांपुढं टेबलावर ठेवला.

"मामा, अंगठा करा अन् मेंढरं न्या."

"काय लिवलंय साहेब?"

"हेच, की पाटी असताना तुम्ही मेंढरं आत घातली."

"पाटी नव्हती जी तिथं."

"वाचता येतं का तुम्हाला?"

"नाय."

"मग पाटी होती का नव्हती, तुम्हाला काय कळणार?"

सगळे हसले. फाटकावरचा चौकीदार तर पोट धरून हसला.

मी परक्या माणसासमोर कधी तोंड उघडलं नव्हतं. माहेरी चौथी शिकले, हे सासरी फार कुणाला माहीतही नव्हतं. पण त्या हसण्यानं माझं अंग पेटलं. मी पदर सावरून पुढं गेले, टेबलावरचा कागद उचलला आणि मोठ्यानं वाचला. म्हणाले, "मला येतं वाचता. पाटी नव्हती."

हसणं थांबलं. साहेबानं माझ्या हातातून कागद ओढला. "मामा, बाईला आवरा. नायतर मेंढरं इथंच राहतील."

आत मेंढरं सकाळपासून पाण्यावाचून ओरडत होती. मालकांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. अंगठा दिला. तेव्हा मला त्यांचाही राग आला होता. आता येत नाही.

"बाईचीबी साक्ष पाहिजे," साहेब म्हणाला.

मी हात पदराखाली घेतले. "मी सही करणार नाय."

त्यानं कागद परत पुढ्यात ओढला. मग माझ्या नावापुढं त्यानं लिहिलं, 'निरक्षर. मजकूर वाचून दाखवला, मान्य आहे.' मी तिथंच उभी होते. तो लिहीत होता आणि मी एकेक अक्षर वाचत होते.