माझ्या फोटोवरून बनवलेली शेगडी

आणीबाणी उठली त्या वर्षी मी हुबळी सोडली. स्टेशनवर अप्पा ट्रंकेवरचं माझं नवं नाव तिसऱ्यांदा वाचत होते आणि धाकटा भाऊ बाळू उगाचच खिडकीचे गज धरून उभा होता. आईनं फडक्यात बांधलेली भाकरी आणि वांग्याचं भरीत आत दिलं. मागच्या अंगणातल्या चुलीत, निखाऱ्यावर भाजलेलं वांगं. “धुराचा वास येतो म्हणून टाकू नको की,” म्हणाली. मला चांगली ओळखून होती. शेजारी पंधरा दिवसांपूर्वी झालेला नवरा बसला होता, अमेरिकेत शिकलेला. त्यानं नाक मुरडलं नाही. मुरडेल म्हणून मीच पुढे अळणावर स्टेशनच्या फलाटावर ते फडकं कुत्र्यापुढे सोडलं.

तिकडच्या, अमेरिकेतल्या आमच्या मराठी मंडळींना पन्नाशी उलटल्यावर विस्तवाचा शोध लागला. जन्मात कधी चहाचं आधण न ठेवलेले पुरुष दर शनिवारी एप्रन बांधून अंगणात उभे राहू लागले. प्रत्येकाला आपापलं कोलेस्टेरॉल तोंडपाठ. ढोबळी मिरची, कांदा आणि पनीर सळईत ओवायचं, चिमट्यानं उलटायचं आणि “हेल्दी, तेलाचा थेंब नाही” म्हणत भोवतालच्यांकडे बघायचं. मग त्याच हातानं वेफर्सची पिशवी फोडायची. एकानं तर मला वांगं कसं भाजतात ते शिकवलं. मी मान डोलावून ऐकलं, कारण नवऱ्याच्या बायपासनंतर आमच्याही घरी ग्रिल आला होता, गॅसवरचा, आमच्या पहिल्या गाडीएवढा. त्याच्या फळीवर हात ठेवून मी फोटो काढला आणि बाळूला पाठवला. मागे लिहिलं, ‘आता आम्ही असंच खातो.’ हे लिहिणाऱ्या बाईपेक्षा तो वांगंवाला बरा.

पुढच्या खेपेला हुबळीत केशवापूरच्या घरी गेले. बाळूच्या बायकोनं, सुनंदानं, एण्णगाई केली होती. भरल्या वांग्यावर बोटभर तेलाचा तवंग. मी ताट सरकवलं. “केवढं हे तेल गं. माणसं जातात यानं,” म्हटलं. अप्पा हृदयविकारानं गेल्याला वर्षसुद्धा झालं नव्हतं आणि त्यांना वीस वर्षं जेवू घातलेल्या बाईला मी हे ऐकवलं. तिनं ताट उचलून आत नेलं. मी हॉटेलात खोली घेतली आणि आठ दिवस सफरचंदं खाऊन आरोग्य सांभाळलं.

आई गेली तेव्हा मी वेळेत पोचले नाही. त्यानंतर मागच्या वर्षी गेले ती खरं तर तिच्या चुलीसाठी. याही वेळी खोली हॉटेलातच घेतली होती, पण डोक्यात एकच होतं, एकदा त्या चुलीतलं वांगं खायचं. तिकडच्यांनी करपवलेली खाऊन मला आता त्याची किंमत कळली होती.

मागच्या अंगणात चूल नव्हती. तिच्या जागी लोखंडी ग्रिल होता. फोटो दाखवून बाळूनं धारवाडजवळच्या बेलूर औद्योगिक वसाहतीतल्या एका वेल्डरकडून करवून घेतलेला. झाकण तसंच, मी हात ठेवला होता ती फळीही तशीच. समोर चार बटणं होती, ती जागच्या जागी जोडून टाकलेली. फिरत नव्हती. फोटोत दिसतात म्हणून होती. आत कोळसे.

“चूल कुठाय?” मी विचारलं.

“फोडली की, अक्का. जागा कुठली? तुला घरचं तेल चालत न्हाई. हे तरी चालंल म्हटलं. हॉटेलात किती दिवस राहणार?”

त्या बटणांवर टाकायला माझ्याकडे चांगला टोमणा तयार होता. एवढ्या वर्षांत दुसरं कमावलं तरी काय. पण सुनंदा वांगी भाजायला बसली होती. प्रत्येक वेळी उलटवलं की माझ्या तोंडाकडे बघत होती. साल काढून तिनं भरीत केलं, फोडणी दिली नाही, आणि भाकरीबरोबर माझ्यापुढे ठेवलं. “तेल घातलं न्हाई, अक्का,” म्हणाली आणि उभीच राहिली.

पहिल्या घासाला धूर लागला. अळणावरच्या कुत्र्यानं खाल्लेलं तेच भरीत होतं. मला माझी लाज वाटली.

“तेल आण,” मी म्हटलं. “आणि शेंगाचटणी.”

ती आत गेली. तेलाचं भांडं हातभर अंतरावर असताना तिला बराच वेळ लागला. बाहेर आली तेव्हा डोळे पुसलेले होते. चटणीत खळगा करून तिनं तेल ओतलं, नेहमीसारखं, हात न आखडता.

माझ्यासारखे जे घर सोडून गेलात, त्या तुम्हाला सांगते. तिकडच्या माझ्या ग्रिलची बटणं फिरतात. पण पहिला घास घेताना माझ्या तोंडाकडे बघत तिथं कुणी उभं राहत नाही. माझ्यापुरतं घर तेवढंच आहे, आणि ते मी दोनदा टाकून दिलं होतं. जेवण झाल्यावर बाळूला घेऊन हॉटेलात गेले आणि सामान उचलून आणलं.