हिरव्या पट्ट्यावरचा मंडप

आमच्या दारापासून माझ्या मेहुणीच्या दारापर्यंत माझ्या बायकोच्या पावलांनी चारशे वीस पावलं होतात. बिबवेवाडीतल्या एकाच रस्त्याच्या या टोकाला आम्ही, त्या टोकाला ती थोरली बहीण. तिला आम्ही दोघंही ताई म्हणतो. ताईंची नजर हळूहळू जात आता उजेड आणि अंधार एवढ्यावर आली आहे. रोज दुपारी चार वाजता बायको तिकडे जायची आणि त्यांना पेपर वाचून दाखवायची. आधी अग्रलेख, मग निधनवार्ता, शेवटी शब्दकोडं. कोडं ताई ऐकून सोडवायच्या आणि बायको चौकोन भरायची. हे फोनवर होत नाही, कारण ताईंना ऐकूही कमी येतं. उजव्या कानाशी बसूनच वाचावं लागतं.

एका दुपारी ती पेपर घेऊन फुटपाथवरून चालली असताना मागून मोटारसायकल आली. फुटपाथवरूनच आली. पुढे सिग्नलला रांग होती आणि चालवणाऱ्या गृहस्थांना थांबायची सवय नव्हती. त्यांनी हॉर्न दिला, ती दचकून बाजूला सरली, आणि बाजूला झाकण नसलेलं चेंबर होतं. खुब्याचं हाड मोडलं. ते गृहस्थ पाय टेकवून क्षणभर थांबले, "आजी, जरा बघून चालत जा," म्हणाले आणि गेले. पुण्यात सल्ला कुठेही मिळतो.

ऑपरेशन झालं, वॉकर आला, वॉकर जाऊन काठी आली. डॉक्टर म्हणाले, आता रोज चाला. कुठे चालायचं ते त्यांनी सांगितलं नाही. रिक्षावाले चारशे पावलांसाठी यायला तयार नव्हते. एकजण तर म्हणाला, "काकू, एवढ्यासाठी रिक्षा? चालत जा की!" मग ताईंना वाचून दाखवायला मी जाऊ लागलो. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "तुम्ही राहू द्या. तुम्ही बातमी वाचता की सभेत बोलता?" बायको घरात चार वाजता घड्याळाकडे बघायची आणि मग उगाचच डाळ निवडायला घ्यायची.

आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक तरुण आर्किटेक्ट मुलगी राहते. तिने हे सगळं जिन्यात ऐकलं आणि मला म्हणाली, "काका, कंप्लेंट करून काही होत नाही. आपण चालायच्या पट्ट्याची ट्रायल घेऊ. रंग आणि प्लास्टिकचे खांब, बस. महिनाभर लोकांना वापरून बघू दे." तिने महापालिकेच्या कार्यालयात खेटे घालून परवानगीचं पत्र आणलं. मग रस्त्यावरच्या सगळ्या सोसायट्यांची बैठक झाली.

बैठकीत आमच्या सोसायटीचे चेअरमन म्हणाले, "लोकांना चालायचंच असतं, तर लोकांनी गाड्या घेतल्या असत्या का?" त्यांच्या बोलण्याला टाळ्या पडतात, कारण ते नेहमी उभं राहून बोलतात. कोपऱ्यावरचे मिठाईवाले म्हणाले, "आमचं गिऱ्हाईक गाडीवरून उतरतच नाही साहेब. गाडीवर बसूनच सांगतं, पाव किलो बर्फी."

त्या मुलीने वाद घातला नाही. आमच्या घरी पडून असलेला वॉकर आणला, चेअरमनच्या हातात दिला आणि म्हणाली, "सर, फक्त ताईंच्या घरापर्यंत चालून दाखवा. आम्ही सगळे मागून येतो."

ते निघाले. पहिला अडथळा विजेचा डबा. दुसरा, मिठाईवाल्यांचा दहीवड्यांचा फ्रीज. तिसरा, आडवी लावलेली स्कूटर. वॉकर उचलून ते खाली रस्त्यावर उतरले तर मागून बस आली, म्हणून घाईने परत वर चढले, आणि समोर बांबूच्या चौकटीत ताणलेला फ्लेक्स होता. त्यावर चेअरमन स्वतःच हात जोडून हसत उभे होते. 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा.' वाढदिवस दोन महिन्यांपूर्वी होऊन गेला होता. त्या दोघांनी एकमेकांकडे जरा वेळ पाहिलं. मग खरे चेअरमन म्हणाले, "हे कोणी लावलं इथं?"

त्या दिवशी मला वाटलं, हा रस्ता सुधारेल. वाटायला नको होतं, पण वाटलं.

तीन रविवार लागले. फुटपाथ मोकळा झाला, त्याला लागून रस्त्याची एक कड हिरवी रंगवली. निम्मी चालणाऱ्यांना, निम्मी सायकलींना, आणि बाहेरच्या बाजूने प्लास्टिकचे खांब. बँकेतले, आयटीतले, भाजीवाल्या मावशी, सगळे ब्रश घेऊन वाकले होते. मिठाईवाल्यांनी फ्रीज आत घेतला आणि चहा पाठवला. शाळेतल्या मुली सायकलवरून शेजारी शेजारी गप्पा मारत जायला लागल्या.

पट्टा तयार झाल्यावर चौथ्या दिवशी बायको काठी घेऊन खाली उतरली. मी मागे चाललो. तिने वळून सांगितलं, "अहो, सावलीसारखे येऊ नका, मला पावलं मोजता येत नाहीत." चारशे वीस पावलं झाली. ताईंनी चार महिन्यांचे पेपर रद्दीत दिले नव्हते, पलंगाखाली रचून ठेवले होते. त्या म्हणाल्या, "पहिल्यापासून वाच." जुने अग्रलेख वाचण्यात काही अडचण आली नाही. ते जुने आहेत हे तारीख सांगितल्याशिवाय कळत नव्हतं.

इथपर्यंत कोणाचंही काही चुकलं नव्हतं. मग चेअरमन म्हणाले, "उद्घाटन तर करायला हवं."

मुलगी म्हणाली, "सर, लोक रोज चालतायत. उद्घाटन झालेलंच आहे."

"तसं नाही बेटा. माणसं बोलावली पाहिजेत. उद्या कोणी म्हणालं, आम्हाला विचारलं नाही, तर?"

माणसं म्हणजे एक माजी आणि भावी नगरसेवक. महापालिकेच्या निवडणुका रखडल्यामुळे मधल्या काळात शहरात ही जमात फार वाढली आहे. सगळे माजी, सगळे भावी. फक्त आज त्यांना काही विचारायला जावं तर ते कोणीच नसतात.

उद्घाटनासाठी एक कमिटी झाली आणि पत्रिका लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझ्या घरात पुस्तकांची चार कपाटं आहेत आणि मंडळींच्या मते त्यांचा कधीतरी उपयोग व्हायला हवा. मी ती लिहिली. मन लावून लिहिली. 'सस्नेह निमंत्रण' की 'आग्रहाचे निमंत्रण' यावर अर्धा तास घालवला. माझ्या बायकोचा 'या मार्गावरील पहिल्या पादचारी' म्हणून शाल-श्रीफळ देऊन सत्कार होणार होता, ते वाक्य दोनदा घोटलं. वेळ: दुपारी चार. स्थळ: नवा पादचारी मार्ग. खाली बारीक अक्षरात 'शब्दांकन' म्हणून माझा उल्लेख टाकावा असं चेअरमनना वाटलं, आणि मी नको म्हणालो नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी मंडपवाले आले. त्यांनी पहारीने हिरव्या पट्ट्यात खड्डे पाडले आणि बांबू रोवले. चालण्याच्या भागात स्टेज, सायकलींच्या भागात खुर्च्या. फुटपाथवर हारतुऱ्यांचं टेबल आणि जनरेटर. 'साहेबांची' गाडी स्टेजपर्यंत यायला हवी म्हणून प्लास्टिकचे खांब पान्याने खोलून एका टेम्पोत टाकले. ते त्या टेम्पोतून कुठे गेले हे आजतागायत कमिटीला माहीत नाही. दोन खांब चेअरमनच्या पार्किंगच्या जागेपुढे उभे आहेत, पण ते वेगळे असावेत.

मुलीने मला खिडकीतून हाक मारली. "काका, पत्रिका तुम्ही लिहिलीत ना? वाचली होती का?"

मी म्हणालो, शुद्धलेखन तपासलं होतं.

चार वाजता बायको साडी नेसून तयार होती. सत्कारासाठी नव्हे, ताईंकडे जायला. काखेत पेपर. आम्ही मंडपापाशी पोचलो. छातीला बिल्ला लावलेले एक कार्यकर्ते आडवे आले. "आजी, इकडून व्हीआयपी. तुम्ही बाजूने या."

"बाजूने म्हणजे कुठून?"

त्यांनी रस्त्याकडे हात केला. तिथून बस, टँकर आणि दुचाकी नेहमीसारख्या चालल्या होत्या.

बायकोने मंडपाकडे एकदा पाहिलं. आत माईकवर कोणीतरी "हॅलो, चेक, चेक," करत होतं. साहेब वाटेत होते. ती काठी टेकत खाली उतरली आणि थेट रस्त्यावरून चालायला लागली. कडेला गाड्या लावलेल्या होत्या, म्हणून ती लेनच्या मधून चालली. मी मागे एक हात आडवा धरून. हॉर्नचा कालवा झाला. मला त्या मंडपाचा, साहेबांचा, चेअरमनचा राग आला होता हे खरं, पण त्याहून जास्त राग पत्रिका लिहिणाऱ्याचा आला होता. एका रिक्षावाल्याने शेजारून डोकं बाहेर काढलं. "ओ आजी, मरायचंय का? फुटपाथवरून चाला की!"

ती न थांबता म्हणाली, "फुटपाथवर कार्यक्रम आहे."

मागे माईकवरून 'पहिल्या पादचारी' कुठे आहेत, त्यांनी त्वरित स्टेजवर यावं, अशी विनंती सुरू झाली होती. ती तिसऱ्यांदा झाली तेव्हा आम्ही ताईंच्या जिन्यात होतो.

ताई दारातच म्हणाल्या, "उशीर केलास." मग कान टवकारले. "बाहेर कोण एवढ्या मोठ्यांदा बोलतंय? मलासुद्धा ऐकू येतंय." बायकोने खिडकी लावून घेतली. टेबलावर ती पत्रिका पडली होती; कमिटीने घरोघर वाटली होती. ताई म्हणाल्या, "आधी ते काय आलंय, ते वाच. कालपासून पडलंय."

बायको उजव्या कानाशी बसली आणि पहिल्या ओळीपासून वाचू लागली. सस्नेह निमंत्रण. प्रमुख पाहुणे. सत्कारमूर्ती. वेळ दुपारी चार. स्थळ, नवा पादचारी मार्ग.

"थांब," ताई म्हणाल्या. "मग लोक चालणार कुठून?"

बायकोने पत्रिका मांडीवर ठेवली.

"कोणी लिहिलंय हे?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी दाराशी उभा होतो, ताईंना मी दिसत नव्हतो. पत्रिकेच्या तळाशी ती बारीक ओळ होती. तिने पत्रिका घडी घालून पेपराखाली सरकवली.

"कमिटीने," ती म्हणाली आणि अग्रलेख काढला.