कंडेम केलेलं कार्ड

उत्तर भारतातल्या एका शहरात, सेक्टर ३९ मधल्या संशोधन संस्थेत संगणकांची देखभाल माझ्याकडे आहे. काम सरळ आहे: चालू ठेवायचं, बिघडलं तर दुरुस्त करायचं, जुनं झालं की कंडेम करायचं, म्हणजे निकामी ठरवून लिलावात काढायचं. मी चुकले ते तिसऱ्यात.

लातूरची एक संशोधक विद्यार्थिनी एका प्रथिनाची गणना चालवत होती. छत्तीस दिवस झाले होते, चार उरले होते. प्रबंध द्यायला नऊ दिवस. सोमवारी सकाळी स्क्रीनवर हिरव्या रेघा आल्या आणि तिच्या मशीनचं जुनं ग्राफिक्स कार्ड गेलं.

"मॅडम, छत्तीस दिवस पाण्यात?"

"नाही. आतापर्यंतच्या गणनेची फाइल आहे. कार्ड बदलू."

कपाटात दोन पिढ्या पुढचं कार्ड होतं. वेगाने दुप्पट, वीज कमी, वेगळी पॉवरची वायरही नको. बसवलं. स्क्रीन आली, गणना सुरू होईना. तिचा प्रोग्राम आधीच्या एका विद्यार्थ्याने फक्त जुन्या पिढीच्या चिपसाठी बांधलेला. त्याला फोन केला. मूळ कोड ज्या लॅपटॉपवर होता तो त्याने विकला होता. दुसरा कुठलाही प्रोग्राम ती फाइल वाचेना.

त्याच जुन्या पिढीची दोन सुटी कार्डं आमच्याकडे होती. गेल्या वर्षी मीच ती कंडेमच्या यादीत टाकली. शेरा माझाच: कालबाह्य, उपयोग नाही.

तिला सांगितलं. ती रडली नाही. "एकदा विचारायचं तरी, मॅडम," एवढंच म्हणाली.

लिलावातला तो माल शहराच्या कडेच्या मनीमाजऱ्यातल्या एका भंगारवाल्याने नेला होता. दोघी ऑटोने गेलो.

"आप ही लोगों ने बेचा था जी, अब आप ही ढूँढ रहे हो?" तो हसत म्हणाला.

दोन तास ढीग उपसला. आमच्या स्टॉक नंबरची दोन्ही कार्डं मिळाली. एकाची मशीनमध्ये बसणारी पट्टी तुटलेली. दुसरं धड, पण पंखा आणि चिपची उष्णता ओढून घेणारा तांब्याचा ठोकळा उपटलेला.

"ताँबा अलग बिकता है, मैडम जी."

उघडी चिप मिनिटभरात तापून बंद पडते. येताना ऑटोत ती म्हणाली, "संपलं." मलाही तसंच वाटत होतं.

टेबलावर सकाळचं मेलेलं कार्ड पडलं होतं. चिप गेलेली, पंखा चांगला. नव्या कार्डाचा पंखा बसला नसता, स्क्रूच्या भोकांची अंतरं वेगळी असतात. ही दोन्ही मात्र एकाच पिढीची. पंखा आणि तांबं काढलं, वाळलेली उष्णतावाहक पेस्ट स्पिरिटने पुसली, नवी लावली, भंगारातल्या धड कार्डावर ते बसवून चार स्क्रू आवळले.

गणना पुढे सरकली. चिपचं तापमान सत्त्याऐंशी अंश, धोक्याच्या काठावर. मशीनचं झाकण काढून समोर टेबलफॅन लावला.

"चार दिवस टिकेल?"

"माहीत नाही. दर तासाला फाइलची कॉपी घे."

ते चार दिवस आम्ही आळीपाळीने त्या आकड्यासमोर बसलो. बोललो फक्त आकडा. कार्ड टिकलं.

प्रबंध वेळेत गेला. आभाराच्या पानावर माझं नाव नव्हतं. बरोबरच होतं ते.